नाशिकची लाल वाइन

नाशिकची लाल वाइन म्हणजे महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात पिकवलेल्या काळ्या द्राक्षांपासून, त्यांच्या सालींसह किण्वन करून तयार केलेली वाइन होय. नाशिक, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी हे तालुके या निर्मितीची मुख्य क्षेत्रे आहेत. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, झिनफँडेल आणि टेम्प्रानियो या वाणांबरोबर सांजोव्हेसे आणि नेरो द'आवोला हे मूळचे इटालियन वाणही येथे लावले गेले आहेत. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला २०१०-११ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

जिल्ह्यातील बहुतांश लाल वाइन ताजी असतानाच विकली आणि प्यायली जाते. ओक लाकडाच्या पिंपात व नंतर बाटलीत मुरवलेली वाइन हा तिचा लहान, परंतु अधिक किमतीचा भाग आहे. युरोपात, विशेषतः इटलीत, उंची लाल वाइनची ओळख तीन गोष्टींवरून पटते: ती किती काळ मुरवली, ती कोणत्या एका मळ्यातील द्राक्षांची आहे आणि ती द्राक्षे सेंद्रिय पद्धतीने पिकवली आहेत का. उष्ण कटिबंधातील नाशिकमध्ये या तिन्ही गोष्टी साधणे हवामान, शेतीची पद्धत आणि कायदा या कारणांनी वेगळ्या प्रकारे अवघड ठरते.

## इतिहास

नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची शेती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात थॉमसन सीडलेस आणि त्यापासून निवडलेला तास-ए-गणेश या बिनबियांच्या वाणांमुळे निफाड व दिंडोरी तालुक्यांत ती झपाट्याने पसरली. त्यामुळे वाइन उद्योग येण्यापूर्वीच जिल्ह्यात छाटणी, कलम बांधणे, ठिबक सिंचन आणि रोगनियंत्रण यांत तरबेज असलेला शेतकरी व मजूरवर्ग तयार होता.

वाइनसाठीच्या लागवडीला वेग आला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून शिकून परतलेले राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळील कौटुंबिक जमिनीवर वाइनद्राक्षांची लागवड केली आणि सुला विनयार्ड्स ही वायनरी उभारली. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. सुरुवातीचा भर पांढऱ्या वाइनवर होता. झिनफँडेल व शिराझ हे काळे वाण त्यानंतर स्थिरावले.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानुसार वाइननिर्मितीला लघुउद्योगाच्या सवलती व उत्पादन शुल्कात सूट देण्यात आली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामार्फत वाइन पार्क विकसित करण्यात आले. पुढील काही वर्षांत जिल्ह्यात अनेक लहान-मोठ्या वायनरी सुरू झाल्या. केंद्र शासनाने २००९ मध्ये पुणे येथे भारतीय द्राक्ष प्रक्रिया मंडळ स्थापन केले.

या वाढीला २००८ च्या अखेरीस खीळ बसली. जागतिक आर्थिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला आणि वाइनची मागणी घटली. टाक्यांमध्ये जुना साठा पडून राहिल्याने वायनरींनी नव्या हंगामातील द्राक्षांची खरेदी कमी केली. वाइनद्राक्षे खाण्यासाठी विकता येत नसल्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटून त्या जागी पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. काही वायनरी बंद पडल्या. टिकून राहिलेल्या उत्पादकांनी त्यानंतर विक्रीबरोबर पर्यटनावर आणि काहींनी मुरवलेल्या, अधिक किमतीच्या वाइनवर लक्ष केंद्रित केले.

## भूप्रदेश आणि हवामान

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर दख्खनच्या पठाराच्या पश्चिम कडेला वसले आहे. पश्चिमेला सह्याद्रीची रांग असून गोदावरी, दारणा व कादवा या नद्यांची खोरी पूर्वेकडे उतरतात. जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. नदीकाठी खोल काळी माती आढळते, तर उतारांवर मुरमाड व तांबूस माती असते. काळ्या मातीत ओल अधिक टिकते, वेलीची शाकीय वाढ जास्त होते आणि मण्यांत रंग व टॅनिन कमी भरतात. त्यामुळे लाल वाइनसाठी निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन अधिक योग्य मानली जाते.

पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तो अतिशय जास्त असतो आणि पूर्वेकडे निफाडपर्यंत झपाट्याने कमी होत जातो. हिवाळा कोरडा असतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड परिसरात राज्यातील सर्वांत कमी तापमानांपैकी काही नोंदली जातात, तर मार्चपासून दिवसाचे तापमान वेगाने वाढते.

इटलीतील टस्कनी किंवा पीडमाँटमध्ये द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान पिकतात. तेथे पिकण्याचे अखेरचे आठवडे उन्हाळ्याकडून शरदाकडे, म्हणजे वाढत्या गारव्याकडे जातात. नाशिकमध्ये हा क्रम उलटा आहे. फळधारणा हिवाळ्यात होते आणि काळी द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाढत्या उन्हात पक्व होतात. उष्णतेमुळे मण्यातील मॅलिक आम्ल लवकर खर्ची पडते, साखर भराभर वाढते आणि रसाचा पीएच चढतो. आम्लता हा वाइन टिकण्याचा एक मुख्य आधार असल्यामुळे या फरकाचा परिणाम थेट मुरवणीवर होतो. थंडीतील दिवस व रात्र यांच्या तापमानातील मोठी तफावत ही झीज काही प्रमाणात कमी करते.

## छाटणीचे वर्ष

समशीतोष्ण प्रदेशात वेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. नाशिकमध्ये थंडी वेलीला पूर्ण सुप्त करण्याइतकी नसते. त्यामुळे वर्षातून दोनदा छाटणी करून एकच पीक घेण्याची पद्धत येथे रूढ झाली आहे.

पहिली छाटणी एप्रिलच्या सुमारास होते. तिला ‘खरड छाटणी’ म्हणतात. या छाटणीनंतर येणाऱ्या काड्यांमध्ये पुढील हंगामाचे घड सूक्ष्मरूपात तयार होतात. पावसाळाभर वेलीवर फळ नसते. दुसरी छाटणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तिला ‘गोडी छाटणी’ किंवा ‘फळछाटणी’ म्हणतात. त्यानंतर फुटणाऱ्या फुटींवर घड येतात. पावसाळ्यातील बुरशीजन्य रोगांपासून फळ वाचवणे हा या वेळापत्रकाचा मुख्य हेतू आहे.

वेलीला सुप्तावस्था न मिळाल्याने गोडी छाटणीनंतर सर्व डोळे एकसारखे फुटत नाहीत. ते एकाच वेळी फुटावेत यासाठी काडीवर हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा लेप दिला जातो. शेतकरी त्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. फूट मागे-पुढे झाली तर एकाच वेलीवर कच्चे व पिकलेले घड एकत्र राहतात आणि लाल वाइनमध्ये कच्च्या टॅनिनचा हिरवट, तुरट स्वाद उतरतो. वर्षभर वाढत राहणारी वेल समशीतोष्ण प्रदेशातील वेलीपेक्षा लवकर थकते, त्यामुळे जुन्या वेलींचे मळे नाशिकमध्ये विरळ आहेत.

वाइनद्राक्षांची निगा खाण्याच्या द्राक्षांपेक्षा वेगळी असते. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा व साल पातळ हवी असते आणि त्यासाठी जिबरेलिक आम्लाचा वापर होतो. वाइनसाठी मणी लहान, साल जाड आणि बी पक्व हवे असते, कारण रंग व टॅनिन साल आणि बीमध्ये असतात. खाण्याच्या द्राक्षांसाठी मांडव किंवा वाय आकाराची रचना वापरतात. वाइनद्राक्षांच्या वेली बहुधा तारांवर उभ्या चढवल्या जातात.

## द्राक्षवाण

नाशिकमधील काळ्या वाणांत शिराझ प्रमुख आहे. हा वाण फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील असून उष्ण हवामानात चांगला रंग व मिऱ्याची आठवण करून देणारा गंध देतो. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकतो. त्यातील टॅनिन अधिक असल्याने तो एकटा किंवा शिराझबरोबर मिश्रणात वापरला जातो. स्पेनमधील टेम्प्रानियो दिंडोरी व इगतपुरी परिसरात लावला गेला आहे.

### इटालियन वाण

झिनफँडेल हा वाण नाशिकमध्ये कॅलिफोर्नियाच्या मार्गाने आला. मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक कॅरोल मेरेडिथ यांनी १९९० च्या दशकात केलेल्या जनुकीय तपासणीत तो दक्षिण इटलीतील पुल्या प्रांताच्या प्रिमितिवो या वाणाशी एकरूप असल्याचे सिद्ध झाले. पुढे दोघांचेही मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या वाणात सापडले. या वाणाचा घड एकसारखा पिकत नाही. त्यात काही मणी सुकून मनुक्यासारखे होतात, तर काही कच्चे राहतात. त्यामुळे त्याची तोडणी नाजूक असते.

सांजोव्हेसे हा मध्य इटलीतील सर्वांत महत्त्वाचा काळा वाण आहे. कियांती आणि ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो या वाइन त्यापासून होतात. त्याची साल तुलनेने पातळ, रंग फिका आणि आम्लता जास्त असते. उष्ण प्रदेशातही आम्लता राखण्याची क्षमता हे नाशिकच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य आहे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील रेवेलो या वायनरीने सांजोव्हेसे आणि सिसिलीतील नेरो द'आवोला हे काळे वाण, तसेच ग्रिलो हा सिसिलीचा पांढरा वाण लावून त्यांच्या स्वतंत्र वाइन तयार केल्या. इटालियन वाइनतज्ज्ञ आंद्रेया व्हॅलेंतिनुत्झी यांचे मार्गदर्शन या वायनरीला मिळाले. नेरो द'आवोला हा कोरड्या, उष्ण बेटावर वाढणारा वाण असल्याने नाशिकच्या उन्हाशी त्याचे जुळणे अधिक स्वाभाविक मानता येते.

महाराष्ट्रातील सांजोव्हेसेची सर्वाधिक परिचित वाइन मात्र नाशिकबाहेरची आहे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजजवळ मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेच्ची या तीन कुटुंबांतील भावांनी २००७ मध्ये फ्रातेल्ली वाइन्स ही कंपनी स्थापन केली. इटालियन भाषेत ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तेथे सांजोव्हेसेवर आधारलेली ‘सेत्ते’ ही पिंपात मुरवलेली लाल वाइन घडवली. भारतात वाढलेले इटालियन द्राक्ष मुरवणीस योग्य वाइन देऊ शकते का, या प्रश्नाच्या चर्चेत तिचे उदाहरण नेहमी दिले जाते.

## निर्मिती

काळ्या द्राक्षांची तोडणी हाताने, बहुधा पहाटे केली जाते, जेणेकरून घड थंड असतानाच वायनरीत पोहोचावेत. तोडणीचा दिवस रसातील साखर, आम्लता व पीएच मोजून आणि बी चावून पाहून ठरवला जातो. बी हिरवे असेल तर साखर पुरेशी असूनही थांबावे लागते. थांबले की आम्लता घटते. साखर व बी यांची पक्वता एकाच वेळी न येणे ही उष्ण प्रदेशातील लाल वाइनची मूळ अडचण आहे.

देठ काढून मणी फोडल्यावर साल व बीसह रसाचे किण्वन पोलादी टाक्यांत होते. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. या काळात साली वर तरंगून थर बनवतात. तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबून किंवा खालचा रस त्यावर फिरवून रंग व टॅनिन उतरवले जातात. तापमान नियंत्रित ठेवण्यासाठी टाक्यांना शीतकरणाचे आवरण असते. त्यानंतर जीवाणूंच्या साहाय्याने होणाऱ्या मॅलोलॅक्टिक किण्वनात तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते. पीएच चढा असल्यास नाशिकमधील वाइननिर्माते किण्वनापूर्वी टार्टारिक आम्ल मिसळतात. उष्ण हवामानाच्या इतर देशांतही ही पद्धत प्रचलित व मान्य आहे.

## मुरवण

मुरवणीत वाइनमधील रंगद्रव्ये व टॅनिन हळूहळू एकमेकांशी बांधले जातात. तुरटपणा मवाळ होतो, जांभळट रंग विटकरी छटेकडे झुकतो आणि ताज्या फळाच्या गंधाच्या जागी सुकामेवा, चामडे व मसाल्याचे गंध येतात. ओकचे लाकूड अत्यल्प प्रमाणात ऑक्सिजन आत येऊ देते आणि स्वतःचेही काही टॅनिन व गंध देते. सर्वाधिक वापरात असलेले पिंप २२५ लिटरचे असून ते फ्रान्स किंवा अमेरिकेतून आयात केले जाते. नवे पिंप महाग असते आणि काही हंगामांनंतर त्याचा गंध ओसरतो.

सर्वच लाल वाइन मुरवण्याजोग्या नसतात. पुरेशी आम्लता, टॅनिन आणि फळाचा गाभा नसेल तर वाइन पिंपात मुरण्याऐवजी थकते आणि तिच्यावर लाकडाचा स्वाद हावी होतो. त्यामुळे नाशिकमध्ये मुरवणीचे काम तळघरात नव्हे, तर मळ्यात सुरू होते. त्यासाठी वेलीवर कमी घड ठेवणे, हलकी जमीन निवडणे आणि योग्य दिवशी तोडणी करणे आवश्यक ठरते.

साठवणीचे तापमान हा दुसरा प्रश्न आहे. मुरवणीस साधारण १२ ते १६ अंश सेल्सियस स्थिर तापमान हवे असते, तर नाशिकच्या उन्हाळ्यात बाहेरील पारा ४० अंशांच्या आसपास जातो. इटलीतील जुन्या तळघरांना जमिनीचा गारवा पुरतो. येथे तो विजेवर निर्माण करावा लागतो. वायनरीतून बाहेर पडल्यावर गोदाम, मालमोटार आणि दुकान या प्रत्येक टप्प्यावर बाटली तापण्याची शक्यता असते, आणि चांगली मुरवलेली वाइनही तेथे काही आठवड्यांत बिघडू शकते.

नाशिकच्या पिंपात मुरवलेल्या लाल वाइनमध्ये सुलाची ‘रासा’ व ‘दिंडोरी रिझर्व्ह’ शिराझ, ग्रोव्हर झम्पाची टेम्प्रानियो-शिराझ मिश्रणाची ‘शेन’, यॉर्कची ‘आरोस’ आणि इगतपुरी तालुक्यातील व्हालोनेची ‘अनोखी’ यांचा समावेश होतो.

इटलीत मुरवणीचा काळ कायद्याने बांधलेला आहे. ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो केवळ सांजोव्हेसेची असावी लागते, ती किमान दोन वर्षे लाकडात ठेवावी लागते आणि हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ती विकता येत नाही. ‘रिझेर्वा’ असल्यास आणखी एक वर्ष थांबावे लागते. बारोलोला किमान ३८ महिने मुरवावे लागते व त्यांपैकी १८ महिने ती लाकडात असावी लागते. तिच्या रिझेर्वासाठी ही मुदत ६२ महिने आहे. भारतात ‘रिझर्व्ह’ या शब्दाला अशी कालमर्यादा जोडलेली नाही. तो लेबलवर घालावा की नाही, हे उत्पादक ठरवतो.

## एकाच मळ्याची वाइन

एकाच मळ्याच्या वाइनमागील कल्पना अशी की माती, उतार व वारा यांची छाप फक्त त्या जागेच्या द्राक्षांत उतरते आणि इतर ठिकाणची द्राक्षे मिसळली की ती पुसली जाते. इटलीत ‘विन्या’ हा शब्द नोंदणीकृत मळ्याच्या नावासोबतच वापरता येतो. बारोलो क्षेत्रात अशा जागांच्या अधिकृत सीमा २०१० मध्ये निश्चित झाल्या.

नाशिकमध्ये मोठ्या वायनरी स्वतःच्या मळ्यांबरोबर अनेक शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून द्राक्षे घेतात. दर वाण, साखरेचे प्रमाण व प्रत यांवर ठरतो. अनेक शेतांची द्राक्षे एका टाकीत गेल्याने दरवर्षी सारखी चव राखणे सोपे होते आणि गारपीट किंवा रोगाने एखादा मळा गेला तरी उत्पादन थांबत नाही. एका मळ्याची वाइन करायची तर त्याची तोडणी, टाकी व पिंपे वेगळी ठेवावी लागतात आणि वाईट वर्षाची झळ पूर्ण सोसावी लागते. मळा स्वतःचा असलेल्या लहान वायनरींना हे तुलनेने सोयीचे असते.

मळ्यापर्यंत माग काढण्याची व्यवस्था जिल्ह्याला नवी नाही. युरोपात निर्यात होणाऱ्या ताज्या द्राक्षांसाठी अपेडाची ‘ग्रेपनेट’ प्रणाली आहे. तीत प्रत्येक बागेची नोंदणी होते आणि खोक्यावरील खुणेवरून ती द्राक्षे कोणत्या प्लॉटमधील आहेत हे शोधता येते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्यानंतर ही व्यवस्था उभी राहिली. मात्र ती ताज्या द्राक्षांच्या निर्यातीसाठी आहे, वाइनसाठी नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हा भौगोलिक निर्देशांक प्रदेशाची हमी देतो, एखाद्या मळ्याची नव्हे.

## सेंद्रिय शेती

द्राक्षवेलीवर नाशिकमध्ये मुख्यतः केवडा, भुरी आणि करपा हे बुरशीजन्य रोग पडतात. सेंद्रिय पद्धतीत भुरीसाठी गंधक आणि केवडा व करप्यासाठी मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण मर्यादेत वापरता येते. ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी व जैविक घटकांचाही आधार घेतला जातो. तांबे मात्र जमिनीत साठत जाते, त्यामुळे बोर्डो मिश्रणाचा वापर वाढवत नेणे हा उपाय ठरत नाही. फळ नसतानाही पावसाळ्यात पाने जपावी लागतात, कारण पाने गळाली तर काडी पक्व होत नाही व पुढील हंगामाचे घड कमी होतात. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाल्यास कोवळी फूट व फुलोरा धोक्यात येतात.

फवारणीइतकीच मोठी अडचण पेस्टिंगची आहे. हायड्रोजन सायनामाइड हे कृत्रिम रसायन असल्याने प्रमाणित सेंद्रिय शेतीत चालत नाही. त्याशिवाय एकसारखी फूट मिळवणे हे उष्ण कटिबंधातील सेंद्रिय द्राक्षशेतीपुढील खास आव्हान आहे. इटलीतील शेतकऱ्यापुढे ते नसते, कारण तेथील हिवाळाच ते काम करतो.

भारतात सेंद्रिय प्रमाणन केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमांतर्गत किंवा सहभागी हमी पद्धतीने होते. बहुवार्षिक पिकासाठी रूपांतराचा काळ तीन वर्षांचा असतो. या काळात उत्पादन घटले तरी शेतकऱ्याला सेंद्रिय मालाचा दर मिळत नाही. करारशेतीत हा भार कोण उचलणार, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

सेंद्रिय द्राक्षे आणि सेंद्रिय वाइन यांतही फरक आहे. युरोपीय संघाने २०१२ पासून वायनरीतील प्रक्रियेचे नियमही घालून दिले. त्यापूर्वी लेबलवर फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ असे लिहिता येत असे. या नियमांनुसार कोरड्या सेंद्रिय लाल वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकते, तर साध्या लाल वाइनसाठी ही मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. सल्फर डायऑक्साइड वाइनला ऑक्सिडीकरण व जीवाणूंपासून वाचवते. पीएच जितका जास्त, तितका त्याचा परिणाम कमी होतो. त्यामुळे चढ्या पीएचची नाशिकची लाल वाइन कमी सल्फरमध्ये दीर्घकाळ मुरवणे विशेष अवघड आहे. सेंद्रिय असणे आणि मुरवलेली असणे हे दोन गुण येथे एकमेकांना ताण देतात.

## कायदा आणि लेबल

भारतातील वाइनची मानके भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यार्कयुक्त पेयांविषयीच्या नियमावलीने ठरवली आहेत; ती १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. मद्यार्काचे प्रमाण आणि आरोग्यविषयक वैधानिक इशारा लेबलवर देणे बंधनकारक आहे. सेंद्रिय खाद्यपदार्थांसाठी २०१७ ची स्वतंत्र नियमावली असून प्रमाणित मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. लेबलवरील ‘सेंद्रिय’ या शब्दामागे अशा प्रकारे प्रमाणनाची तपासणी आहे, तर ‘रिझर्व्ह’ आणि मळ्याचे नाव यांमागे प्रामुख्याने उत्पादकाचा शब्द असतो.

## अर्थकारण आणि पर्यटन

मुरवलेल्या वाइनमध्ये भांडवल दीर्घकाळ अडकते. पिंपाची किंमत, वीज आणि साठ्यावरील व्याज विक्रीपूर्वीच द्यावे लागते. आयात वाइनवर भारताने दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क आकारले, आणि त्याचा आधार देशी उत्पादकांना मिळाला. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारात ५ अमेरिकी डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या बाटलीवरील शुल्क १०० टक्क्यांवर आणून ते दहा वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे ठरले. ऑस्ट्रेलियाचा मुख्य काळा वाणही शिराझच असल्यामुळे ही स्पर्धा नाशिकच्या वरच्या किमतीच्या वाइनशी थेट आहे.

वायनरी पाहणे, वाइन चाखणे व मळ्यात मुक्काम यांवर आधारलेले पर्यटन हे जिल्ह्यातील अनेक वायनरींच्या उत्पन्नाचे साधन बनले आहे. सुलाने २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव भरवण्यास सुरुवात केली. कंपनीने २०२१ मध्ये यॉर्क वायनरी विकत घेतली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली.

## सामाजिक मतभेद

कुंभमेळा, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर यांमुळे तीर्थक्षेत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाशिकमध्ये वाइनच्या प्रसाराविषयी दोन मते राहिली आहेत. वाइन हे शेतमालावरील प्रक्रियेचे उत्पादन असून त्यामुळे द्राक्ष उत्पादकांना अतिरिक्त बाजारपेठ मिळते, असे समर्थक मांडतात. वाइन हे मद्यच आहे, त्याची उपलब्धता वाढली की व्यसनाधीनता वाढते आणि राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मद्यबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वाशी हे विसंगत आहे, असा विरोधकांचा युक्तिवाद असतो.

हा वाद २०२२ मध्ये राज्यव्यापी झाला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी ठरावीक आकाराच्या सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध उपोषणाचा इशारा दिला व पुढे ते स्थगित केले. हा निर्णय अंमलात आला नाही. ताज्या, स्वस्त वाइनच्या विक्रीशी हा वाद प्रामुख्याने निगडित होता. मात्र विक्रीच्या जागा मर्यादित राहिल्याचा परिणाम मुरवलेल्या वाइनवरही होतो, कारण तिचा खप मुख्यतः मोठ्या शहरांतील हॉटेले, परवानाधारक दुकाने आणि खुद्द वायनरीतील विक्री यांवर अवलंबून असतो.